निम्म्याचा निम्मा तास

मंचरला बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास आहे. तिथे प्रबुद्ध सर रोज आले की आधी फळ्यावर ४६.७५ लिहीत. तो आकडा तीनदा निम्मा करत, तीनदा दुप्पट करत आणि शेवटचा पहिल्याशी ताडून बघत. जसाच्या तसा निघाला की समाधानाने हजेरी घेत.

सर शिकवत त्या सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यासाठी एलडीएक्सपी नावाचं फंक्शन आहे. कॉम्प्युटर अपूर्णांक साठवतो तो असा: अंक एकीकडे, दोनाचा घात दुसरीकडे. निम्मं करताना नुसता घात एकाने उतरतो, अंकांना धक्का लागत नाही. दहाने भागलं की मात्र बारीकशी चूक राहू शकते. सरांचा दहावर विश्वास नव्हता.

हे ऐकून क्लासचे मालक गोकुळशेठ खूश झाले. त्यांना रील बनवायच्या कोर्ससाठी खोली हवी होती.

"सर, तुमचे दोन तास एकावर आणतो. निम्म्यानं काय हरवत न्हाई, तुमीच म्हणता."

सरांना हे खोडता आलं नाही. पुढे एकाचा अर्धा तास झाला, मग पाव. पाव तासात हजेरी आणि ४६.७५ एवढंच बसे. खोडदहून एसटीने येणाऱ्या श्रेयाला सी खरोखरच शिकायची होती.

"सर, निम्मं करतच राह्यलं तर?" एकदा तिने विचारलं.

सरांनी कॉम्प्युटरवर ४६.७५ निम्मं करतच राहणारा लूप लावला. हजार फेऱ्यांच्या पुढे कुठेतरी घात तळाला टेकला, मग अंक गळू लागले, शेवटी शून्य आलं. सरांनी ते दुप्पट केलं. शून्यच. हे त्यांना ठाऊक होतं. शेठना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

खिडकीतून दिसत होतं, खाली शेठ फ्लेक्स बांधून घेत होते: 'यंदा दुप्पट नोकऱ्या!' गेल्या वर्षी कुणालाच लागली नव्हती.

"एवढं गणित बरोबर आहे," सर म्हणाले.

फ्लेक्स बांधून शेठ वर आले. "सर, त्या पाव तासाचं जरा निम्मं..."

"नाही शेठ. आता अंक गळतील. द्यायचे तर दोन तास द्या, नाहीतर राहू द्या."

"मग राहू द्या की राव!" शेठ दुखावले. "आतापर्यंत लई समजूतदार व्हता तुमी."

सरांनी फळा पुसला, चप्पल घातली.

"श्रेया, रविवारी घरी ये, दोन तास काढून. आणि जाताना तेवढा पंखा बंद कर."