राखेच्या हौदातली आंबील

लातूरबाहेर औशाच्या रस्त्याला गुंडप्पाचा विटांचा कारखाना होता, आणि त्याच रस्त्याला जरा पुढं मोहियोद्दीनचा. मोहियोद्दीनचा ट्रॅक्टर शहरात जाताना गुंडप्पाच्या फाटकावरूनच जाई. भरलेला ट्रॅक्टर गेला की गुंडप्पाच्या तोंडातलं पान कडू होई. रिकामा परतला की आणखी कडू. रिकामा म्हणजे माल खपला.

भूकंपात दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर पडली. त्यानंतर पुनर्वसनाच्या वस्त्या उठल्या, तिथं सिमेंटच्या विटा पाडायला हे दोघं एकाच साच्यावर उभे राहिले. गुंडप्पा शेतकऱ्याचा पोरगा, मोहियोद्दीन कल्हईवाल्याचा. दोघांनी एका फडक्यातली भाकरी खाल्ली. पुढं लातुरात शिकवण्यांचं पीक आलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली, गल्लोगल्ली हॉस्टेलं उभी राहिली, आणि ते फडकं फाटलं. ठेकेदार विचारत, "मोहियोद्दीनभाईची वीट हाय का?" गुंडप्पाची वीट कुणी मागून घेत नसे. मोहियोद्दीनकडची संपली, की घेत.

त्यातच दूरच्या शहरातून एक माणूस आला. तिथं कचरा जाळायची भट्टी होती. तिच्या धुराड्यात अडकलेली, पिठासारखी बारीक राख त्याला विटांसाठी द्यायची होती. राखेवर प्रक्रिया केलीय, सिमेंटात ती पक्की बांधली जाते, वीट पाण्यात ठेवून ते पाणी तपासलंय, त्यात काही उतरत नाही, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. आधी तो मोहियोद्दीनकडं गेला होता. मोहियोद्दीननं विचारलं, "कचऱ्यात बॅटऱ्या असतात, रंगाचे डबे असतात. सगळं जळंल, पण शिसं कुठं जाईल?" आणि नको म्हणाला.

त्यानं नाकारली, म्हणूनच गुंडप्पानं ती राख घेतली.

मार्गशीर्षातली येळवस आली. या अमावस्येला अख्खा लातूर जिल्हा शेतात जेवतो. कडब्याची खोप करायची, भज्जी-भाकरी खायची, वर ताकातली आंबट आंबील प्यायची. गुंडप्पाचं वावर कारखान्यामागंच होतं. यंदा त्यानं मोठं हॉस्टेल बांधणाऱ्या आप्पासाहेब ठेकेदारांना जेवायला बोलावलं होतं.

दरवर्षी येळवशीआधी त्याच्या पितळी घागरींना मोहियोद्दीन कल्हई करून देई. विटांच्या धंद्यात पडला तरी बापाची ती कला त्यानं सोडली नव्हती. आंबील आंबट. कल्हई उडालेल्या पितळेत ती कळकते आणि मग माणसाला बाधते, हे इथल्या लेकरालाही ठाऊक. यंदा गुंडप्पानं घागरी पाठवल्याच नाहीत. त्यानं राखेच्या विटांचा हौद बांधला, आतून त्याच राखेचा गिलावा केला आणि आदल्या दुपारीच आंबील त्यात ओतली.

"ठेकेदार माज्या विटेतलीच आंबील पितील," तो बायकोला, मल्लम्माला म्हणाला. "मग कळंल कुणाची वीट पक्की."

"अवं, पण आंबट हाय ती."

"पाण्यात महिनाभर ठिवली वीट. काय झालं तिला?"

सकाळी मल्लम्मानं हौदावरचं धोतर काढलं. कडेनं बारीक फेस धरला होता. तिनं भिंतीवर नख ओढलं, तर काल दगडासारखा असलेला गिलावा ओल्या खडूसारखा नखात आला.

"कळकली," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय? मोहियोद्दीननं पढवलं का?"

तेवढ्यात मोहियोद्दीन खरंच आला. खांद्यावर कल्हई केलेली, आरशासारखी घागर. यंदा घागरी आल्या नाहीत म्हणून घरचीच घेऊन आला होता. हौदात डोकावला आणि कडेचा फेस बोटानं पुसून पाहिला.

"बोल की," गुंडप्पा म्हणाला. "पोटात दुखाय लागलं?"

"दुखतंय ना. तुज्या म्हशीचं ताक, तुजं वावर, वहिनीच्या हातची भज्जी. माज्या बापाला आंगणभर जमीन नव्हती. दरसाल हितून जाताना पोट दुखतंयच माजं." त्यानं तांब्या हौदात बुडवला आणि गुंडप्पापुढं धरला. "पण ही पयली तू पी."

रस्त्यावर आप्पासाहेबांची जीप वळली होती. गुंडप्पानं तांब्या घेतला, ओठापर्यंत नेला. हात तिथंच थांबला. वर जाईना. राखेतलं जे पाण्यानं सोडवलं नव्हतं ते आंबटानं सोडवलं होतं, आणि ते त्या तांब्यात होतं.

त्यानं तांब्या हौदात रिता केला.

"बांधाला ओतू नको," मोहियोद्दीन म्हणाला. "जमिनीत जाईल. पिपात भर, राखवाल्याच्या दारात नेऊन ठिव."

मग ऐन येळवशीच्या दिवशी, पाहुणे बांधावर उभे असताना, गुंडप्पा मोहियोद्दीनचीच घागर घेऊन शेजारच्या ग्यानोबाच्या वावरात आंबील मागायला गेला. "अरं, कारखानदाराच्या घरी दुष्काळ?" ग्यानोबा हसला आणि घागर भरून दिली.

जेवणं झाल्यावर आप्पासाहेबांनी इसाराची गोष्ट काढली. "न्हाणीघरांना तुझीच वीट लावू, गुंडप्पा. स्वस्त पडतीय."

न्हाणीघरं. पोरांच्या हॉस्टेलात ती ॲसिड ओतून धुतात. गुंडप्पानं मोहियोद्दीनकडं पाहिलं. तो मुद्दाम दुसरीकडं बघत होता, आणि तेच गुंडप्पाला सर्वांत जास्त झोंबलं.

"माजी नका लावू," तो म्हणाला. "आंबटानं सुटतीय ती. त्याची लावा."

त्या हॉस्टेलचे ट्रॅक्टर पुढं उन्हाळाभर त्याच्या फाटकावरून गेले. पान तसंच कडू होत राहिलं. त्यानं राख परत धाडली, पुन्हा पहिल्यासारखी बिनराखेची वीट पाडली, आणि पुढच्या येळवशीआधी आपल्या घागरी मोहियोद्दीनकडं पाठवल्या. परत आल्यावर एकेक घागर उन्हात धरून तो बराच वेळ आत बघत बसला. कुठंतरी कल्हई न धरलेला एक काळा ठिपका राहिला असेल, एक तरी. तो त्याला काही सापडला नाही.