सैल मांड

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मोटारी बंद पडल्या. गावोगाव देवी टोचायला जायचं म्हणून मी घोडेगावच्या बाजारात घोडी बघायला गेलो. एका म्हाताऱ्याची तांबडी घोडी मनात भरली. स्वतःचे गुडघे गेल्यामुळे तो ती विकत होता, तरी मला दाखवायला तो तिच्यावर बसला. मांड अशी सैल, जणू घरच्या बाजेवर बसलाय. लगाम नुसता बोटांत. त्यानं खांदा वळवला की घोडी वळायची, श्वास सोडला की थांबायची.

मग मी बसलो. भीतीनं लगाम आवळला, टाचा मारल्या. घोडी थरथरत जागीच उभी राहिली. लोक हसले.

"चूक माजीच हाय," म्हातारा म्हणाला. "जल्मभर हिच्याशी हळू बोललो. आता समदे वरडून बोलनार."

तो पुन्हा चढला. माझ्यासारख्याच्या हाताची तिला सवय व्हावी म्हणून त्यानं मुद्दाम टाचा हाणल्या, लगाम हिसडला, ती बिचकून पळेपर्यंत.

तो उतरला तेव्हा घोडीनं रोजच्यासारखं नाक त्याच्या काखेत खुपसलं. त्यानं तोंड फिरवलं. लगाम माझ्या हातात देताना त्यानं मान वर केली नाही. मलाही करवली नाही.