दुसऱ्या मजल्याचे रिपोर्ट

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात नेटवर्कचं काम येणारी माणसं तेव्हा फार नव्हती, आणि आपण त्यांतले एक आहोत याचा मला बराच माज होता. पिंप्राळ्यात भाड्याची खोली होती. स्कूटरला पिशवी अडकवून मी शहरभर दुरुस्तीला फिरायचो. आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस धुळ्याला होतं आणि माझे साहेब तिथे बसत.

जळगावातल्या एका खाजगी रुग्णालयाचं काम साहेबांनी स्वतः केलं होतं. रुग्णालयाने तळमजल्यावरची लॅब एका ठेकेदाराला चालवायला दिली होती. आपले कॉम्प्युटर वॉर्डांपासून वेगळे हवेत, अशी त्याची अट होती. दुसरा राउटर घ्यायला रुग्णालय तयार नव्हतं. म्हणून साहेबांनी एकाच राउटरमध्ये दोन टेबलं केली. टेबल म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणत्या वाटेने जायचं याची यादी. एक यादी वॉर्डांची, एक लॅबची. दोन्ही एकाच पेटीत असल्या तरी एकीतलं दुसरीला दिसत नाही. दोन्हीकडे मुद्दाम लिहून द्याव्यात तेवढ्याच वाटा चालतात.

तक्रार दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डाची होती. लॅबच्या कॉम्प्युटरवर ‘रिपोर्ट पाठवला’ असं यायचं, पण वॉर्डात कागद सापडायचा नाही. लॅबवाले पाठवलेल्याची दुसरी प्रत देत नसत, मग बायकांचं रक्त पुन्हा काढायचं. साहेबांनी एकदा येऊन तपासलं होतं आणि ‘नेटवर्क ठीक आहे’ असं लिहून दिलं होतं. तरी तक्रारी थांबेनात, म्हणून मला पाठवलं.

वॉर्डाच्या सिस्टर बाई मला पाहूनच वैतागल्या. “तुमचे साहेब ठीक आहे म्हणाले ना? मग आमच्या मावशींना का काढलं इथून?”

या मावशी म्हणजे वॉर्डातल्या आयाबाई. झाडलोट करायच्या आणि प्रिंटरवर आलेले रिपोर्ट फाडून केसपेपरला लावायच्या. त्याच प्रिंटरवर वॉर्डाचे बाकीचे कागद नीट येत होते, त्यामुळे नेटवर्क ठीक म्हटल्यावर रिपोर्ट हरवण्याचा आळ त्यांच्यावर आला. व्यवस्थापकांनी त्यांना खाली धुलाईखान्यात पाठवलं होतं.

मी कामाला लागलो. राउटरवरून लॅबला हाक दिली, म्हणजे पोच तपासायचा छोटा संदेश सोडला; उत्तर आलं. वॉर्डाला दिली, आलं. साहेबांनी एवढंच पाहिलं असणार. पण कोणत्या टेबलातून विचारतोय हे सांगितलं नाही, तर राउटर या दोन्हींवेगळ्या, स्वतःच्या सामायिक टेबलातून विचारतो आणि त्याला दोन्ही बाजू माहीत असतात. मी लॅबचं टेबल निवडून तिथून वॉर्डाला हाक दिली. काहीच आलं नाही. मग वॉर्डाकडून लॅबला. विनंती जात होती, लॅबचा कॉम्प्युटर उत्तरही देत होता, पण ते राउटरपाशी येऊन मरत होतं.

लॅबचं टेबल उघडलं. पहिल्या मजल्याची वाट होती, तिसऱ्याची होती. दुसऱ्या मजल्याची नव्हती. तो वॉर्ड मागाहून जोडला होता. साहेबांनी वॉर्डाकडून लॅबकडे वाट लिहिली आणि परतीची लिहायला विसरले. लॅबचा प्रोग्रॅम कागद पोचला की नाही हे पाहत नव्हता. सोडला की ‘पाठवला’ म्हणायचा.

एक ओळ लिहिली. लॅबमधून चार रिपोर्ट पुन्हा सोडायला लावले आणि वर धावलो. प्रिंटर करकरत चारही काढत होता.

मी आनंदाने धुळ्याला फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाले, “परतीची वाट राहिली होती ती. गेल्या आठवड्यात लक्षात आलं माझ्या.”

“मग साहेब, सांगितलं का नाही?”

“मी ठीक आहे म्हणून लिहून दिलंय. आता माझ्याच सहीवर कशाला शेण टाकू? तू केबल सैल होती म्हणून लिही.”

आणि मी लिहिलं. आज त्याची शिसारी येते, लिहिताना आली नाही. नोकरी होती, साहेब होते, आणि सैल केबलने कुणाचं काय बिघडतं असं वाटलं.

व्यवस्थापकांनी कागद वाचला, सही केली आणि ते खुर्चीत मागे रेलले. “म्हणजे आमचा अंदाज बरोबर होता. झाडताना त्या बाईनेच केबल ओढली असणार.”

समोरचा माणूस चहात बिस्कीट बुडवत होता. ते ओलं बिस्कीट, त्याची मिशी, माझं अक्षर, सगळ्याचीच किळस आली. मी म्हणालो, “साहेब, केबल सैल नव्हती. चूक आमची आहे. दुसरा कागद लिहून देतो.”

“एकदा सही झाली. फाइल बंद,” ते म्हणाले. “कशाला वाढवता?”

मी धुलाईखान्यात गेलो. ओल्या चादरींचा आणि फिनेलचा वास भरला होता. वॉर्डातून काढलेल्या त्या मावशी, पन्नाशीच्या, रक्ताचे डाग ब्रशने घासत होत्या. मी म्हणालो, “अक्का, रिपोर्ट तुमच्याकडून हरवले नव्हते. मशीनमध्ये आमची चूक होती. आणि आत्ता वर मी खोटं लिहून आलोय.”

त्यांनी ब्रश खाली ठेवला. “मी तं पयलेच सांगं, एक बी कागद मी फेका नही. कोन्ही आयकं नही.” मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “तुम्ही हाई वर येईसन सांगशात का? बठ्ठासना समोर?”

आम्ही वर गेलो. सिस्टर बाईंसमोर, खाटांवरच्या बायकांसमोर मी सगळं सांगितलं. परतीची वाट आमच्या साहेबांनी लिहिली नव्हती, ते कळल्यावरही चूक लपवली, आणि मी खोटा कागद दिला. सिस्टर बाईंनी वॉर्डाच्या वहीत ते उतरवलं आणि माझी सही घेतली. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिने काळानिळा पडलेला दंड पुढे केला.

“मंग मना हात तीनदाव कसाले टोचा?”

अक्का तिच्याजवळ बसल्या आणि दंडावरून हात फिरवू लागल्या.

सिस्टर बाईंनी ती वही डॉक्टरांपुढे ठेवली, तेव्हा व्यवस्थापकांना आळ मागे घ्यावा लागला. अक्कांना वॉर्डात परत बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. “तठे आते मना जीव लागाव नही,” म्हणाल्या. निवृत्त होईपर्यंत त्या धुलाईखान्यातच राहिल्या.

साहेबांनी मला धुळ्याला बोलावून तासभर झापलं आणि शेवटी चहा पाजला. मी तो चहा प्यालो. त्याच दिवशी राजीनामा दिला असं सांगायला मला आवडलं असतं. पण त्यांच्या हाताखाली मी आणखी वर्षभर काढलं. दुसरीकडे काम मिळालं तेव्हाच सोडलं.