मायबरोबर नेपाळात

पाठीवर सॅक टाकून नेपाळ फिरायचं ठरलं तेव्हा माझ्याबरोबर शाळेतल्या दोन मैत्रिणी येणार होत्या. एकीच्या घरी लग्न निघालं, दुसरीनं ऐनवेळी अंग काढून घेतलं. मी चिडले, आणि त्या तिरमिरीत मायला म्हणाले, "तू चल." माय पासष्टीच्या पुढची. गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या पिंगळी गावातल्या लग्नालाही जात नाही. तिनं एवढंच विचारलं, "किती दिसाचं?" मी म्हणाले, बारा. ती उठली आणि बोचकं बांधायला लागली.

माझ्या माय-बापानं कितीतरी हंगाम ऊस तोडला. दिवाळी झाली की आमच्या पेडगावातून ट्रक निघायचे, ते उन्हाळ्यातच परत यायचे. त्यामुळे बिऱ्हाड हलवणं हा मायच्या हातचा मळ. मी तिला चांगली सॅक घेऊन दिली होती, पण चेनवर तिचा भरवसा नाही. जुन्या लुगड्यात सगळं बांधून, गाठ मारून तिनं ते बोचकंच सॅकमध्ये कोंबलं. त्यात तवा होता. मी तो काढायला लावला. गाड्या बदलत गोरखपूरला पोचल्यावर कळलं, तवा आमच्याबरोबरच आलाय.

खरं सांगायचं तर मैत्रिणींवरचा राग हे निमित्त होतं. मला माय एकटी गाठायची होती. मला तिला एक गोष्ट विचारायची होती आणि ती मी लहानपणापासून उराशी धरून बसले होते. दरवर्षी ट्रकमध्ये चढताना तिनं धाकट्या भावाला कडेवर घेतलं आणि मला आत्याकडे ठेवलं. सहा-सहा महिने. मलाच का ठेवलं? आत्या सांगायची, तुझ्या शाळेसाठी. पण पहिल्या वर्षी तर मी शाळेतच जात नव्हते. पुढे घरात भाऊ, भावजय, नातवंडं, कुणी ना कुणी असायचंच. शिवाय दोन लेकरांच्या, चव्वेचाळीस वर्षांच्या मास्तरीणबाईनं असलं काही विचारायचं म्हणजे लाजच वाटते. वडील गेले तेव्हा मात्र मनानं घेतलं, आता टाळायचं नाही.

सीमेवरची सुनौलीची कमान चालत ओलांडली. माय मतदान कार्ड हातात धरून तयारीत होती. कुणी बघितलंच नाही. "कुणी इचारलं बी न्हाई," ती पलीकडे गेल्यावर म्हणाली. तिला ते अपमानासारखं लागलं असावं, कारण कार्ड तिनं बराच वेळ आत ठेवलं नाही.

ऊसतोडीची टोळी नव्या ठिकाणी उतरली की बाया आधी तीन गोष्टी बघतात: पाणी कुठं, जळण कुठं आणि आडोसा कुठं. माय प्रत्येक शहरात तेच करायची. भैरहव्याच्या लॉजमध्ये मी खोली बघत होते, तर ती मालकाला आमच्या परभणीच्या हिंदीत विचारत होती, "पानी कब आता, कब जाता?" तो म्हणाला, चोवीस तास असतं. मायनं मान डोलावली आणि गुपचूप बादली भरून ठेवली.

लुंबिनीचा रस्ता मला गावातल्या बौद्ध वस्तीतल्या एका शिक्षक मित्रानं सांगितला होता. तिथल्या बागेत, झाडाखाली, शब्द माझ्या अगदी ओठांवर आले. माय चपला काढून, डोळे मिटून बसली होती. इतकी निवांत मी तिला कधी बघितली नव्हती. विचारायचं राहिलं. पुढे तानसेन नावाच्या गावात डोंगरातल्या चढाच्या गल्ल्या. तिथं दोघींनाही दम लागलेला, बोलणार काय. मग पोखरा. तळ्याकाठी आम्ही तीन दिवस काढले. भाजलेली कणसं विकणाऱ्या एका बाईशी मायची गट्टी जमली. एकमेकींचं अर्धंही कळत नसेल, पण हसणं चालू. मायनं त्या पाण्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि मला विचारलं, "एवढं पाणी, अन् ऊस न्हाई?"

"न्हाई."

"शाने हायत," ती म्हणाली. मी हसले, आणि विचारायचं पुन्हा राहून गेलं. मला माझाच राग यायला लागला होता. वर्गात पन्नास पोरांना दामटणारी मी, आणि इथं एक प्रश्न विचारता येत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी काठमांडूची बस धरली. बसशेजारी एक तरुण बाई घरच्यांचा निरोप घेत होती. कंडक्टर म्हणाला, घरकामाला कुवेतला चाललीय. नवऱ्याच्या कडेवरचं लहानगं आक्रोश करत होतं. ती त्याला घ्यायची, मुके घ्यायची, परत द्यायची. बाजूला सात-आठ वर्षांची पोरगी हात मागं बांधून ताठ उभी होती. आईनं चढताना तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. पोरीनं मान हलवली. बस सुटली.

माय खिडकीला चिकटली होती. वळण येईपर्यंत ती त्या पोरीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "पोरगी रडली न्हाई." त्यानंतर दोन तास डोंगर येत होते, जात होते. तिनं एकाही डोंगराकडे बघितलं नाही.

दुपारी बस त्रिशूली नदीच्या काठी जेवणाला थांबली. सगळे डाळभातावर तुटून पडले. माय ताट घेऊन बाहेर एका दगडावर बसली. मी शेजारी बसले.

"तू बी रडत नव्हतीस," माय म्हणाली.

माझा घास हातातच राहिला.

"धाकटा ऊर फोडायचा. अन् तुझ्याकडं बघावं, तर तू अशी उभी. मला वाटायचं, ही घट्ट हाय. हिला माझ्याबिगर जमंल. आमी दोघं दिसभर तोडीला, दोन-दोन लेकरं तिथं कोण बघणार व्हतं? एकच न्यायचं, तर रडायलंय त्याला नेलं."

मी न विचारताच उत्तर आलं होतं. आणि मला समाधान झालं नाही. मला संताप आला, इतका की ताट खाली ठेवावं लागलं.

"माय, मला वाटायचं, जे लेकरू तरास देत न्हाई, त्यालाच नेत्यात," मी म्हणाले. "म्हणून रडत नव्हते मी. दर साली वाटायचं, औंदा मला नेतील."

मायचा हात भातातच थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग नदीकडे. तिनं चुकलं म्हटलं नाही. वडलांवर ढकललं नाही, नशिबावरही नाही. हात धुतला, पदराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

"मग आता रड," ती म्हणाली. "रड, बाई. मी हितंच हाय."

मी रडले. जेवून हात धूत असलेल्या सगळ्या बससमोर, शेंबूड येईपर्यंत रडले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कंडक्टरनं हाक मारली. माणसं चढली, पुन्हा हॉर्न झाला. माय उठली नाही.