गेटजवळची रुई

"पोरगी गुणाची आहे वं, पण बोलतच नाही. अन् माहेरून आणलं काय, तं रुई! उकिरड्यावरची!"

सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. मी दाराआड, धुतलेल्या कपड्यांची बादली हातात. खाली ठेवावी तर आवाज होणार, म्हणून तशीच धरून उभी राहिले. फोन अर्धा तास चालला!

जी बोलत नाही तिच्याकडे किस्से फार साठतात. बोलणाऱ्यांचे सांगून संपतात, आमचे नुसते जमत जातात. त्यात गेटजवळ एक झाड लावलेलं असेल तर विचारूच नका.

झाड पांढऱ्या रुईचं. पानं चंदेरी, पिठूळ. हात फिरवला की बोटं राख लागल्यासारखी पांढरी होतात. नरखेडकडे आमच्या शेताच्या धुऱ्याबांधावर ती आपली आपण वाढते. अप्पा, म्हणजे माझे वडील, संत्र्यांच्या मागे पाणी घेऊन धावायचे, रुईकडे कोणी बघायचंही नाही. लग्नानंतर मी मांडवपरतणीला गेले तेव्हा तिचं एक रोप कुंडीत घालून नागपूरला आणलं.

त्यानंतर गावी गेलेली नाही. कोणी अडवलं नाही, मी विचारलंच नाही. सासरचे वाईट असते तर भांडून तरी गेले असते! इथे सासूबाई ताटात चौथी पोळी टाकत विचारतात, "करमते ना वं तुले?" आणि मी मान हलवते.

*

रोप गेटजवळ लावलं त्याच दिवशी शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

"काहून वं, तुमच्या घरी कोणाचं तिसरं लगन आहे?"

मला काही कळेना. मग सासूबाईंनी सांगितलं, तिसरं लग्न अशुभ मानायचे, म्हणून पूर्वी तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याचं आधी रुईशी लग्न लावायचे. तिसरी बायको रुई, खरी नवरी मग चौथी!

मंगेश, माझा नवरा, चहा पीत होता. म्हणाला, "आई, पहिलीच अजून बोलून नाही राहिली, तिसरीचं काय घेऊन बसली!"

सगळे हसले. मीही हसले. तेही आवाज न करता.

*

रुईच्या पानांची माळ मारुतीला चालते. चार शनिवारांत ही बातमी अख्ख्या लेआऊटमधल्या घराघराला कळली. सकाळी स्कूटर थांबायची, "ताई, अकरा पानं घेतो हं!" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता माणूस तोडायलाही लागायचा.

सासरे चिडले. स्वतः रंग आणून पाटी रंगवली: 'रुईची पाने तोडू नयेत.'

पुढच्या शनिवारी दुप्पट गर्दी! ज्यांना रुई ओळखता येत नव्हती, त्यांचीही पाटीने सोय केली होती.

*

रुईच्या पानावर नखाने लिहिलं की पांढरी पूड सुटून हिरवी अक्षरं उमटतात. लहानपणी आम्ही त्यावर पाढे लिहायचो. एका दुपारी घरात कूलरचा आवाज, सगळे झोपलेले. मी गेटच्या पायरीवर बसून झाडावरच्याच एका पानावर लिहिलं, 'सव्वादहा'. आमच्या गावाच्या एसटीची वेळ.

दुसऱ्या दिवशी शनिवार. संध्याकाळी सासूबाईंबरोबर देवळात गेले, तर माळेत तिसरं पान माझं! लोक पानांवर राम लिहितात; मारुतीच्या गळ्यात आमची एसटी.

"काय मागितलं वं?" बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. आता मागायचं काय राहिलं होतं?

*

मे लागला. सासरे पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. पंचेचाळीस डिग्रीत एक झाड तहानलेलं उभं आहे हे त्यांच्याने बघवेना. सकाळी ते एक बादली घालायचे. दुपारी सासूबाई कूलर धुतलेलं पाणी घालायच्या. ऑफिसातून आल्यावर मंगेश पाइप लावायचा. तिघंही एकमेकांना न सांगता. मला तिघंही दिसायचे.

पानं पिवळी पडायला लागली. "ऊन लागलं," सासऱ्यांनी निदान केलं. मग जुन्या लुगड्याचा मांडव घातला. एक दिवस बघते तर खोडाला सुतळीने कांदा बांधलेला! ऊन लागू नये म्हणून आपण खिशात ठेवतो ना, तसा.

मी सांगायला हवं होतं, की हिला पाण्यानेच मारताय. पण कोणत्या तोंडाने सांगणार? तेवढी माया मला झेपत नव्हती, तर तिला कशी झेपावी!

अप्पांचा फोन आला. "रुई कशी आहे? पाणी देऊ नको बाई."

"नाही देत," मी म्हणाले. खोटं नव्हतं. मी देतच नव्हते.

"आणि तू?"

"मस्त!"

*

परवा सकाळी शेंड्याचं पानही गळलं. सगळे गेटजवळ जमले. सासऱ्यांनी माती उकरून पाहिली, चिखल. मंगेश मोबाइलवर काहीतरी शोधत होता. सासूबाईंच्या हातात भरलेला मग होता, आणि डोळ्यांत पाणी.

"हिच्या माहेरचं झाड हो," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "वाळलं तर या पोरीले काय वाटन?" मग माझ्याकडे वळल्या. "तू तरी सांग ना वं, काय पाहिजे याले? खत पाहिजे? औषध पाहिजे? जे मागशीन ते आणतो."

तिघंही माझ्याकडे बघत राहिले. मी सासूबाईंच्या हातातला मग घेतला, खाली ठेवला.

"याले काहीच नको, आई," मी म्हणाले. "मले घरी जायचं आहे."