खिडकीतली बरणी

फरशीला पॉलिश करणं हा त्याचा धंदा, पण ओळखीचे सगळे त्याला शंकोबाच म्हणत. दूध उतू गेलं तरी त्यात कुणाचा तरी हात असणार, असं मानणारा गडी. कॅन्सरमुळे बायकोची एक किडनी काढावी लागली, तेव्हापासून तर त्याचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा उरला नव्हता.

दुसरी किडनी तरी वाचावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक प्रयोग सुचवला. खनिजाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले, रोज एक चमचा. बायकोने सही करून टाकली. त्याला मात्र ते पटेना. दगडाची भुकटी छातीत जाऊन त्याचा सख्खा भाऊ गेला होता, आणि इथे म्हणे भुकटी प्यायची! बायकोशी वाद घालून उपयोग नव्हता. त्याने गुपचूप औषध एका बरणीत ओतलं आणि बाटलीत उकळलेलं पाणी भरलं.

बरणी त्याने खिडकीत ठेवली. पॉलिशचं गढूळ पाणी बादलीत राहिलं की तळाला गाळ बसतोच. बरणीत कित्येक दिवस काही बसलं नाही. चोर सापडला म्हणून तो मनातून खूश झाला. पुढची बाटली आणायला गेला तेव्हा त्याने डॉक्टरीणबाईंना गाठलंच.

"तळाला कणभर गाळ नाही. आमच्या डोळ्यांत धूळ फेकताय का?"

"इतके बारीक कण तळाला बसत नाहीत, काका," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि निम्म्या बाटल्यांत ते नसतातच. चव तेवढी सगळ्यांची सारखीच कडू. कुणाला काय मिळतं, ते मलाही ठाऊक नसतं. त्याशिवाय औषधाचा गुण कळणार कसा? कण मिळतीलच असं नाही, एवढं काकूंना सांगितलंय. त्या नेमाने घेतात ना?"

त्याने मान डोलावली. घरी येईपर्यंत त्याला स्वतःची लाज वाटत राहिली. त्या दिवशी त्याने नव्या बाटलीला हात लावला नाही.

बायकोने चमचा तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, आज कडू कसं?"

त्याने चोरून खिडकीकडे बघितलं. तिने आधी बाटलीकडे बघितलं, मग खिडकीतल्या बरणीकडे, मग त्याच्याकडे. ती नजर त्याच्या चांगलीच ओळखीची होती. जन्मभर तो लोकांकडे तसाच बघत आला होता.

"मला वाटलं, माझ्या वाट्याला नुसतं पाणीच आलंय," ती म्हणाली. "मी मनाची समजूतही घातली होती."