बसायला नसलेलं कॅरिअर

डोणगावात मेहकरच्या रस्त्याला मोतीरामचं सायकलचं दुकान आहे. टिनाचं छप्पर, पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं आणि खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. एके काळी गावातल्या दूधवाल्यांची कॅरिअरं त्यानेच बसवली होती. जाड लोखंडाची. दोन बाजूंना दोन कॅन नि वर दूधवाल्याचा मेहुणा बसला तरी हूं की चूं नाही. दूधवाले मोटारसायकलवर गेले आणि मोतीरामकडे शाळेतल्या पोरांच्या सायकली उरल्या. पण आपल्या हातून कोणाची सायकल कधी नासली नाही, एवढा ताठा त्याने जपला होता.

त्या दिवशी सकाळी शाळेत खेळ शिकवणारी समता आपली रेसची सायकल घेऊन आली. पातळ टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. पगारातून मागे टाकून टाकून घेतलेली. दुसऱ्या दिवशी तिला शेगावला निघायचं होतं. कपड्यांच्या दोन पिशव्या मागे लावायला तिने एक हलकं कॅरिअर मागवलं होतं, पण शहरातल्या दुकानदाराने हात वर केले होते. फ्रेमला कॅरिअरसाठी भोकंच नव्हती.

"काका, भोक नका पाडू बरं," ती म्हणाली. "ॲल्युमिनियम आहे. तडा गेला तर सायकल गेली समजा."

"भोक कायले पाडतो? संध्याकाळी ये."

मोतीरामने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, मागच्या दांड्यांवर घट्ट गुंडाळल्या आणि त्यावर लोखंडी क्लिपा कसून कॅरिअर उभं केलं. हलवून पाहिलं. छान बसलं होतं. मग तो सायकलवर बसून रस्त्यावर एक चक्कर मारायला निघाला.

समोर शेषरावांचं चहाचं हॉटेल. दुपारी स्टँडकडे काम निघालं की मोतीरामच्या सायकलीवर मागून टुणकन उडी मारायची, ही त्यांची जुनी सवय. विचारायचं नाही, सायकल थांबवायची नाही. त्यांच्या लेखी कॅरिअर दिसलं म्हणजे जागा रिकामी होती.

"चाल बे, स्टँडवर सोड!" म्हणत त्यांनी उडी मारली.

कट्ट असा आवाज झाला. कॅरिअर खाली घसरून टायरवर टेकलं, चाक जाम झालं आणि शेषराव धुळीत बसले.

"काय केलं बे तुवा!" मोतीराम ओरडला. "पोरीची सायकल हाय ते!"

"मंग कॅरिअर काऊन लावलं? पूजेले?"

मोतीरामला हसू आलं नाही. समताला काय तोंड दाखवायचं? त्याने सायकल सावलीत आणली, क्लिपा सोडल्या, रबर उलगडलं आणि दांड्यांवरून बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पाहिलं. तडा नव्हता. साधा ओरखडाही नव्हता. क्लिपा घसरल्या होत्या, इतकंच. तो तिथेच स्टुलावर बसला आणि शेषरावांनी आणून दिलेला चहा एका दमात प्याला.

चहा पिता पिता त्याच्या ध्यानात आलं, की सगळा भार आपण क्लिपांवर टांगला होता. मग त्याने जाड पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या, त्या चाकाच्या एक्सलला, म्हणजे मधल्या दांडीला, अडकवल्या आणि कॅरिअरचे पाय त्यांच्यावर उभे केले. आता भार चाकावर, क्लिपा नुसत्या आधाराला.

संध्याकाळी समता आली तेव्हा त्याने झालेलं सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा पडला. मोबाइलचा उजेड पाडून तिने प्रत्येक जोड तपासला आणि शेवटी सुस्कारा सोडला.

"शेषराव काका बसले तरी फ्रेम वाचली? मंग माह्या पिशव्यांचं काय भेव!"

"एवढा जाडा नाई मी," हॉटेलातून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मोतीरामचं कामात लक्ष नव्हतं. जेवायलाही तो घरी गेला नाही. दुपारी फोन वाजला.

"काका, पोचली शेगावले. कॅरिअर जागचं हाललं नाई."

मोतीरामने फोन खिशात टाकला, दुकानाबाहेर येऊन आपली जुनी काळी सायकल काढली आणि समोर पाहून हाक मारली, "शेषराव, स्टँडवर येतं का?"

शेषरावांनी लांबूनच कॅरिअर न्याहाळलं. "याच्यावर बसू ना?"

"बस बे, बस."